न कापणारी कात्री

कातरण आणि किस्से, दोन्ही आमच्या कारखान्यात सारख्याच वेगानं साठतात. संध्याकाळी झाडून पोतं भरावं, तर दुसऱ्या दिवशी टेबलाखाली पुन्हा आहेच! कातरण निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते माझ्याकडेच राहतात, आणि कुणी चहाला बसलं की एकेक करून बाहेर पडतात. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

'कारखाना' म्हटलं म्हणून धुराडं वगैरे डोळ्यांपुढं आणू नका. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, एक लांब टेबल आणि आम्ही चार बायका. भेटवस्तूंचे कागदी डबे करतो. लग्नाचे, बारशाचे, साडीचे, बांगड्यांचे. निर्मलाताई मालकीण. शकीला पुठ्ठा कापते, खळ लावते, डबा उभा करते. गिरजामावशी मूळच्या देवगाव रंगारीच्या. त्या डब्यावरची फुलं, वेली, जाळ्या हातानं कापतात. पेन्सिलीची रेघ नाही, साचा नाही. कागद दुमडायचा आणि कात्री चालवायची.

आणि मी कुलकर्णीबाई. तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून इथं आले. माझं काम शेवटची नजर टाकायचं. कोपरा उचकटलाय, खळीचा डाग पडलाय, की तो डबा बाजूला.

शकीला म्हणते, "कुलकर्णीबाई डब्बा नहीं देखते, डब्बे की फाइल देखते!"

म्हणू दे. तिचं काही खोटं नाही.

* * *

पहिला किस्सा मी यायच्या आधीचा आहे, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत करत नाही. दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर घालतो. निर्मलाताई याच वळणाच्या घरातल्या. त्यांनी धंदा काढला डब्यांचा, आणि पहिली ऑर्डर तयार झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण तर शंभर रिकामे डबे लोकांच्या घरी पाठवतोय! त्यांना काही ते सोसवेना. प्रत्येक डब्यात त्यांनी साखरेची छोटी पुडी ठेवली.

डबे गेले गुलमंडीवरच्या एका साडीच्या दुकानात. चौथ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला.

"ताई, डबे छान आहेत. पण आतल्या मुंग्या कुठं पाठवायच्या?"

साड्यांच्या घड्यांमधून मुंग्यांची रांग लागली होती म्हणे! निर्मलाताई दोन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हा गिरजामावशींनी तोडगा काढला. म्हणाल्या, "साखर कशाला? कागदाचं फूल घाला एकेक. त्याला मुंग्या लागत न्हाईत."

तेव्हापासून आमचा डबा फुलाशिवाय बाहेर जात नाही. डब्यावर कितीही नक्षी असो, आत तळाला एक सुटं फूल असतंच. ते चौघींनीही कापायचं आणि प्रत्येक ऑर्डरीत चौघींची फुलं सारखी घालायची, हा निर्मलाताईंचा नियम. म्हणाल्या, डबा सगळ्यांच्या हातचा आहे.

* * *

आता फुलं. कागद एका बाजूनं सोनेरी, दुसऱ्या बाजूनं पांढरा. शकीला तीनदा दुमडून आठ पाकळ्या काढते. निर्मलाताईंचंही तसंच. माझं फूल बघून शकीलानं विचारलं होतं, "बाई, ये फूल है के सायकल का चक्कर?"

गिरजामावशींचं फूल मात्र पाच पाकळ्यांचं. पाचाची घडी अवघड असते, लवकर बसत नाही. त्यांची बसते. फूल उघडलं की सोनेरी बाजू वर धरून त्या प्रत्येक पाकळीला उजव्या अंगानं एक बारीक तिरकी चीर देतात आणि नखानं जराशी उचलतात. मग ते फूल डब्यात निजून राहत नाही. झाकण काढलं की उठून बसतं!

मी म्हटलं, "मावशी, मलाही शिकवा."

म्हणाल्या, "एकीलाच शिकवलं होतं. झालं तेवढं."

मी नवीन होते. मला वाटलं, शिष्टपणा करतायत.

* * *

त्याच आठवड्यात मला कात्री सापडेना म्हणून मी मावशींच्या खणातली घेतली. नवीकोरी, लाल मुठीची, झकास कात्री! कागद दुमडला आणि दाबली. कागद कापलाच जाईना. पात्यांच्या मधे नुसता दुमडत गेला. पुन्हा दाबली. कडा पार चुरगळली, वर फाटली.

मी म्हटलं, "ही कसली हो कात्री? फेकून द्या की!"

गिरजामावशी उठल्या, माझ्या हातातली कात्री घेतली, पदरानं पुसली आणि खणात ठेवली.

"ती डावऱ्याची हाय," एवढंच म्हणाल्या.

दुपारी चहाच्या वेळी शकीलानं मला बाहेर ओट्यावर नेऊन सगळं सांगितलं. मावशींना एकच मुलगी, अलका. डावखुरी. लहानपणी जेवताना, लिहिताना, कापताना डावा हात पुढं आला की मावशी त्यावर चापट मारायच्या. तरी ऐकेना, तेव्हा हाताला फडकं बांधून ठेवायच्या. पोरगी मोठी झाली, कॉलेज सुटलं की आमच्या कारखान्यात येऊन बसायची. पाच पाकळ्यांचं फूल मावशींनी हिलाच शिकवलं होतं. मावशींची पाठ वळली की ती कात्री डाव्या हातात घ्यायची. उजव्या हाताची कात्री ती, डावीकडून नीट चालायची नाही. पण पोरगी चिवट, तिरपी धरून जमवायचीच.

एकदा निर्मलाताई म्हणाल्या, "मावशी, डाव्या हातासाठी वेगळी कात्री मिळते." मावशींना हे माहीतच नव्हतं. मग शकीलाच्या भावाकरवी त्यांनी पुण्याहून ती लाल कात्री मागवली.

कात्री यायच्या चार दिवस आधी अलकानं आपल्या मनानं लग्न केलं. मुलगा वैजापूरचा, वेगळ्या जातीचा. मावशींच्या नवऱ्यानं सांगितलं, या घरातलं कुणी तिकडं पाय ठेवणार नाही. मावशींनी ठेवला नाही. पुढं नवरा वारला. अलका आली ती दारातूनच परत गेली, कारण दीर-पुतण्यांनी तिला आत येऊ दिलं नाही आणि मावशी भिंतीशी बसून राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

"शादी को सात साल हुए," शकीला म्हणाली. "अब कोई रोकनेवाला नहीं. पर जाते नहीं. बोलते, किस मूं से जाऊं."

मी त्या दिवशी चहा तसाच ठेवला. कशाला शिष्टपणाचा विचार मनात आणला, असं झालं.

* * *

सगळंच गंभीर होतं असं नाही हो. शेंद्र्याच्या एका कंपनीतले साहेब दिवाळीच्या डब्यांसाठी आले होते. खिशात स्टीलची पट्टी! एकेक फूल मोजायला लागले.

"बघा, ही पाकळी दोन मिलिमीटरनं लहान आहे. आमच्याकडं असं चालत नाही. माल रिजेक्ट होतो."

मी घाबरले. निर्मलाताई घाबरल्या. गिरजामावशींनी शांतपणे हात पुढं केला.

"पट्टी द्या जरा, साहेब. आन् मान वर करा."

साहेबांनी केली! मावशींनी पट्टी त्यांच्या मिशीला लावली.

"तुमची बी डावीकडं दोननं कमी हाय. पाठवायचं का तुम्हाला परत?"

साहेब इतके हसले की पट्टी विसरून गेले. ती अजून माझ्याकडं आहे.

ते गेल्यावर मी विचारलं, "मावशी, तुम्हाला बसल्या जागी कसं दिसलं हो?"

कात्री न थांबवता त्या म्हणाल्या, "डावीकडलं आता लगेच दिसतंय बाई मला. दिसायचं तवा दिसलं न्हाय."

यावर कोण हसणार? शकीलानं उगाच खळीचं भांडं हलवलं.

* * *

सिडकोतले एक निवृत्त मास्तर आले एकदा. पिशवीत दोन डझन काचेच्या बांगड्या, जुन्या पेपरात गुंडाळलेल्या. बायकोनं हौसेनं घेतल्या होत्या, वापरायच्या राहून गेल्या. तीन महिन्यांपूर्वी ती गेली.

"यांच्या मापाचा डबा हवा," म्हणाले. "सुनेला द्यायच्यात. पण दोघींचं पटत नव्हतं. ती घेईल का, काही कळत नाही. घेऊन ठेवून देईल, किंवा नकोच म्हणेल. मग वाटतं, राहू द्यावं."

डबा हातात, निघण्याचं नाव नाही. अशी माणसं दुकानात उभी राहतात ना, कुणीतरी काही सांगावं म्हणून, तसे उभे होते.

गिरजामावशी म्हणाल्या, "तुम्ही द्या मास्तर. घालायच्या का न्हाय ते तिचं ती बघंल. आपण द्यायचं तर देऊन मोकळं व्हावं."

मास्तरांनी मान हलवली. डबा छातीशी धरून पायऱ्या उतरले.

ते वळणापर्यंत गेले नसतील, तेवढ्यात शकीला बोललीच. तिच्या पोटात काही राहत नाही. "तो मावशी, तुम भी दे डालो ना! कात्री पडी पडी क्या अंडे देंगी?"

मावशी खाली मान घालून कापत राहिल्या. थोड्या वेळानं फूल उघडलं आणि आम्ही सगळ्या बघतच राहिलो. चार पाकळ्या! गिरजामावशींच्या हातून चार पाकळ्यांचं फूल! त्यांनी ते मुठीत चुरगळलं आणि त्या दिवशी लवकर घरी गेल्या.

* * *

आता जे सांगते त्यात मी दिसते तशी शहाणी नाही, हे कळेल. पण सांगायला हवं.

वैजापूरचे शांतिलालशेठ आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांचं भेटवस्तूंचं दुकान. त्यांनी लग्नसराईसाठी एकशेवीस डबे सांगितले. वैजापूर हे नाव ऐकून मावशींची कात्री क्षणभर थांबली, ते मी पाहिलं. पण पुढचं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

तीन दिवस मावशी जेवायलासुद्धा उठल्या नाहीत. चौथ्या दिवशी डबे माझ्याकडं शेवटच्या नजरेला आले. मी झाकण उघडते तर पाच पाकळ्या. दुसरं, पाच पाकळ्या. तिसरं, चौथं, सगळीकडं पाच पाकळ्या! एकशेवीसच्या एकशेवीस डब्यांत एकट्या मावशींची फुलं!

नियम काय? चौघींची सारखी. मी नियमाची बाई. त्या दिवशी शकीला सुट्टीवर, निर्मलाताई कागद आणायला कागजीपुऱ्याला आणि मावशी बँकेत. मी एकटीनं बसून नव्वद डब्यांतली मावशींची फुलं काढली आणि आम्हा तिघींची घातली. तीसच राहू दिली. काढलेली फुलं पिशवीत भरून वर चिठ्ठी लावली. टेंपो आला, डबे गेले. मला तर वाटलं, काय नेटकं काम झालं!

दुसऱ्या दिवशी शकीलानं ती पिशवी पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"बाई, ये क्या किया तुमने? एक तो डब्बा उसकी पोरी के हात में जायेगा, बोलके कापे थे ना वो!"

वैजापूर काही एवढंसं गाव नाही. एकशेवीस डबे गेले असते तरी एखादा अलकाच्या घरी पोचायचा भरवसा नव्हता. आणि मी त्यातले नव्वद माझ्या शिस्तीपायी घालवले होते. फुलाखेरीज सांगायला त्या बाईकडं काही नव्हतं हो. तेच मी काढून पिशवीत भरलं.

मी मावशींपुढं जाऊन उभी राहिले. ती पिशवी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

मावशींनी पिशवीवरची चिठ्ठी सोडवली, फुलं मांडीवर ओतून घेतली आणि वाकलेल्या पाकळ्या एकेक सरळ करायला लागल्या.

"असू द्या बाई," म्हणाल्या. "तीस तर गेली ना?"

त्यानंतर गल्लीत पोस्टमन दिसला की मी आधी मावशींकडं बघायची. त्या बघायच्या नाहीत. लग्नसराई संपली. आषाढ गेला, श्रावण गेला. मी देवाजवळ नातवाच्या परीक्षेसाठी मागते, गुडघ्यांसाठी मागते. तेव्हा मी त्या तीस फुलांसाठी मागत होते.

* * *

गणपतीच्या आधी शांतिलालशेठ नव्या ऑर्डरीसाठी आले. चहा झाला, नमुने झाले, आणि निघता निघता त्यांनी पिशवीतून आमचाच एक डबा काढला. लग्नसराईतला, कोपरे जरा मळलेला.

"हा परत आलाय. एक बाई देऊन गेली दुकानात."

परत आलेला माल माझ्याकडं येतो, मी तो वहीत नोंदवते. मी विचारलं, "काय तक्रार आहे?"

"तक्रार नाही म्हणाली. कुणाच्या तरी लग्नात तिला ही भेट मिळाली होती. म्हणाली, डबा कारखान्यात नेऊन द्या, वाटेत उघडू नका. मी उघडला नाही बरं का."

मी झाकण काढलं.

आत दोन फुलं होती. एक मोठं, पाच पाकळ्यांचं. झाकण निघाल्याबरोबर ते उठून बसलं. सोनेरी बाजू वर, आणि प्रत्येक पाकळीला बारीक तिरकी चीर होती. डाव्या अंगानं.

दुसरं छोटंसं. पाच पाकळ्या मोजून भरत होत्या, पण एक मोठी, एक बारकी, एक तर नुसतं टोक. लहान मुलाच्या हातचं काम. त्याच्या कडा कापलेल्या नव्हत्या, दुमडून चुरगळल्या होत्या आणि वर फाटल्या होत्या. ती चुरगळलेली कड मी लगेच ओळखली. त्या लाल कात्रीनं माझ्या हातातला कागद अगदी तसाच झाला होता. हात एक आणि कात्री दुसऱ्या हाताची, की असंच होतं.

मी नोंद केली नाही. वहीच उघडली नाही. डबा तसाच नेऊन गिरजामावशींच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी मोठं फूल तळहातावर घेतलं. त्या चिरांवरून एक बोट फिरवलं. मग छोटं फूल घेतलं आणि ते फार वेळ पाहिलं. रडल्या नाहीत. रडत होते मी, आणि शकीला तर तोंडात ओढणी कोंबून उभी होती.

मावशी उठल्या. खण उघडला, लाल कात्री काढली, पदरानं पुसली आणि त्याच डब्यात ठेवली. झाकण लावलं.

"शेठ, वैजापूरला जाताय न्हवं? मला घेऊन चला."

निर्मलाताई डोळे पुसत म्हणाल्या, "मावशी, आज गडबड कशाला? उद्या सकाळी जा. मी पोरांसाठी काही खाऊ आणते, तुम्हीही चांगलं लुगडं नेसून या."

मावशींचा एक पाय चपलेत होता, दुसरा चप्पल शोधत होता.

"न्हाय ताई. आजच जाती. उद्यापतुर कुणी त्या लेकराच्या हाताला फडकं बांधलं, म्हंजी?"